पूर्वेकडचा ढग

"सोडा दांडा! सोडा म्हणतो ना!"

मागून आवाज आला आणि मी घाबरून दांडा आणखीच घट्ट धरला. डोक्यावर, तीस मीटर लांबीच्या चार दोऱ्यांच्या टोकाला, दोन खाटा जोडून ठेवाव्यात एवढा निळा पतंग वारा पिऊन फुगला होता. मी ज्या तीनचाकी गाडीत बसलो होतो ती वाळूवरून सुसाट निघाली होती. थांबवायची कशी ते विसरलो, आणि सायकलवर करतो तसा पाय खाली टेकला. ओल्या वाळूला टाच लागली मात्र, कोपरापर्यंत सणकन झटका आला. हातातला दांडा आपोआप सुटला.

पतंग उडून गेला नाही. मनगटाला बांधलेल्या पट्ट्याने त्याची मागची दोरी ओढली गेली, हवा सुटली, आणि तो पाखरासारखा वाळूवर येऊन पडला.

शिंगटे धापा टाकत आले. मी हात झाडत उभा होतो.

"बसला ना चिमटा?" ते हसत म्हणाले. "वारा कोरडा असला की व्हतंय. कापड वाऱ्यावर घासतं, दोरी घासती, आन गाडीची चाकं रबराची. समदी वीज अंगात साठती. पाय वल्या वाळूला लागला की उतरती."

"अहो, पण आभाळात ढगाचा ठिपका नाही."

"म्हणून तर नुसता चिमटा बसला," ते म्हणाले.

ही १९९७च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. मी तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका दीपगृहावर नोकरीला होतो. गावाचं नाव सांगत नाही. टेकडीच्या टोकावर दीपगृह, पश्चिमेला खाली दीड किलोमीटर लांबीची वाळूची पुळण, आणि मागे पूर्वेला सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार. गाव सड्याच्या पलीकडे, अर्ध्या तासावर. आम्ही दोघं जण असायला हवे होतो. माझा जोडीदार गणपतीला म्हणून रजेवर गेला तो आजारपणाचे कागद पाठवत राहिला. बायको सिंधू दोन्ही मुलांना घेऊन माझ्या गावी, चोपड्याला. मुलांच्या शाळेसाठी तिने तिकडे राहायचं असं आमचं दोघांचं ठरलं होतं. पहिल्या वर्षी आठवड्याला पत्र यायचं. त्या वर्षी महिन्याला एक यायला लागलं होतं, आणि त्याच्या शेवटी असायचं, 'इकडची काळजी करू नये.' मी ते वाक्य कितीदा तरी वाचायचो. काळजी करू नको म्हणजे दिलासा, की आता तुझी गरज नाही, ते मला ठरवता येत नव्हतं.

दिवा लावायचा, भिंगं पुसायची, दर तीन तासांनी वारा आणि हवेचा दाब वहीत लिहायचा. बोलायला कोणी नाही. कधी कधी मी काही काम नसताना गावातल्या एसटीच्या थांब्यावर जाऊन उभा राहायचो. कंडक्टरने "येणार का?" असं विचारावं आणि मी "नाही, असाच" म्हणावं, एवढ्यासाठी.

अशात हवालदार दौलत शिंगटे आले. सातारा जिल्ह्यातले, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे, सैन्यातून निवृत्त. बावीस वर्षं पॅराशूट दुरुस्त करायचं आणि त्याची घडी घालायचं काम केलेलं. निवृत्त झाल्यावर फाटक्या, निकामी ठरलेल्या पॅराशूटच्या कापडातून त्यांनी स्वतः शिवून हे पतंग बनवले होते. माणूस ओढून नेतील एवढ्या ताकदीचे. गाडीला स्कूटरची चाकं. त्यांच्या गावाकडे वारा होता पण सपाट मोकळी जागा नव्हती, म्हणून पाऊस संपल्यावर पंधरा दिवसांसाठी ते या पुळणीवर यायचे. आधीच्या दोन वर्षी सुरूच्या बनात ताडपत्री टाकून राहिले होते. या खेपेला मी म्हणालो, "माझ्या जोडीदाराची खोली रिकामी आहे. वर या."

ते आले, आणि माझा दिवस बदलला.

ओहोटी असेल तेव्हा ते खाली पतंग उडवायचे. ओहोटीला वाळू टणक होते, गाडी पळते. संध्याकाळी मी दिवा लावून उतरलो की स्वयंपाक. मी वांगं भाजून भरीत करायचो, ते भाकरी थापायचे. काय हात होता त्यांचा! परातीत न थापता नुसत्या दोन तळव्यांत फिरवत फिरवत ताटाएवढी भाकरी करायचे, आणि बोलणं चालूच.

"घडी घालणाऱ्याचं नाव उडी मारणाऱ्याला कुठं ठाव असतंय?" एकदा म्हणाले. "पर तो मारतो उडी. बावीस वर्षांत माझ्या हातची एकबी घडी चुकली न्हाई, बाविस्कर. एकबी न्हाई."

मला त्यांचं ऐकत बसायला आवडायचं. त्यांचं बोलणं संपू नये म्हणून मी मुद्दाम प्रश्न विचारायचो.

आमच्यात एक करार होता. तो त्यांनीच पहिल्या दिवशी केला. ऑक्टोबरातली वीज कोकणात समुद्रावरून येत नाही. दुपारी सह्याद्रीवर ढग चढतात आणि पूर्वेकडून किनाऱ्याकडे सरकतात. खाली पुळणीवर उभं राहिलेल्या माणसाला हे दिसत नाही. मागे टेकडी आड येते. त्याच्या तोंडावर वारा समुद्राकडून येत असतो, समोरचं आभाळ निळं असतं, आणि लाटांच्या आवाजात गडगडाट ऐकू येत नाही. दीपगृहाच्या सज्जातून मात्र चाळीस किलोमीटरवरचे डोंगर दिसतात.

"तुमी वर हाय, मी खाली," शिंगटे म्हणाले. "पूर्वेला ढग काळा पडाय लागला की सज्जातनं लाल बावटा लावा. बावटा दिसला की मी त्याच घटकेला पतंग पाडणार. दोऱ्या खाऱ्या पाण्यानं वल्या असत्यात. ढग डोक्यावर याय लागत न्हाई, लांबनंबी वीज तिच्यातनं उतरती."

"आणि माझं लक्ष नसलं तर?"

"एक झटका बसला तर तो हवेचा. लागोपाठ बसाय लागले, हातावरचे केस उभे राह्यले, तर तो ढगाचा. मग कशाची वाट बघायची न्हाई. हात सोडायचा." मग हसून म्हणाले, "पर तुमचं लक्ष नसंल असं व्हायचं न्हाई. तुमाला दुसरं काम काय हाय?"

ते खरंच होतं. त्या पंधरवड्यात दोनदा मी बावटा लावला, आणि दोन्ही वेळा त्यांनी मिनिटभरात पतंग खाली घेतला. एकदा तर ढग विरून गेला, काहीच झालं नाही. मी ओशाळलो. ते म्हणाले, "चूक झाली तर अशी व्हावी. ही चूक चालती."

शेवटचा दिवस उजाडला. त्यांच्या मुलीचं पहिलं बाळंतपण आठ-दहा दिवसांवर आलं होतं, म्हणून निघायचं होतं. सकाळी चहा पिताना म्हणाले, "असं करू. दुपारी ढग आला तर पसारा आवरून चारची एसटी धरतो. आभाळ मोकळं राह्यलं तर भरती येईपर्यंत उडवतो, आन आजचा मुक्काम तुमच्याकडंच. उद्या सकाळी जातो. चालंल?"

"चालेल की," मी म्हणालो. "आज शेवेची भाजी करतो मग. आमच्याकडची."

"ढगाला सांगा तसं," ते म्हणाले आणि गाडी ओढत पायवाटेने खाली गेले.

त्या दुपारी जे झालं ते मी लोकांना कसं सांगितलं ते आधी सांगतो.

मी असं सांगितलं की, पावणेतीनच्या सुमाराला पूर्वेला ढग दिसला. मी बावटा लावला. शिंगट्यांनी पाहिला नसावा. तीनच्या ठोक्याला वीज पडली. मी एकशे बत्तीस पायऱ्या उतरून, पायवाटेने धावत पुळणीवर पोचलो, तेव्हा ते गाडीपासून दहा-बारा हात लांब पालथे पडले होते. हे पोचल्यापासूनचं सगळं खरं आहे. पतंगाच्या दोऱ्या नव्हत्याच, जळून गेल्या होत्या. वारा फिरला होता, आणि पतंग एकटाच लाटांत लोळत होता. दांड्यावर गुंडाळलेली सायकलची ट्यूब वितळून त्यांच्या उजव्या तळहाताला चिकटली होती. मी त्यांना उताणं केलं. डोळे उघडे होते आणि श्वास उचकीसारखा, मधूनच येत होता.

धाकू डोर्लेकर हा गावातला मासेमार, तो खडकांवर कालवं काढत होता. तो धावत आला. त्याने एकदा शिंगट्यांकडे पाहिलं आणि एकदा मान वळवून वर दीपगृहाकडे.

"बावटो तर लागलो आसा," तो म्हणाला. "मग ह्यो मानूस थांबलो कशाक नाय?"

मी वर पाहिलं. सज्जात बावटा फडफडत होता. मी म्हणालो, "आणखी कोणाला तरी हाक मार."

धाकूने आणखी दोघांना हाका मारून आणलं. आम्ही शिंगट्यांना झोळीत घालून सड्यावर नेलं, तिथून जीपने तालुक्याच्या दवाखान्यात, आणि मग जिल्ह्याला. वाटेभर पाऊस कोसळत होता. मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो, आणि त्यांच्या उजव्या कानातून रक्त येत होतं.

डॉक्टर म्हणाले, दोरीवाटे जेवढी उतरली तेवढीच वीज अंगावर आली, सगळी आली असती तर माणूस जागेवर गेला असता. जीव वाचला. उजवा हात मनगटापासून निकामी झाला. उजव्या कानाने ऐकू येईना. आणि त्या दिवसाचं त्यांना काहीही आठवत नव्हतं. सकाळचा चहासुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांची बायको शेवंता गावाहून आली तेव्हा ते शुद्धीवर होते. मी खाटेजवळच्या स्टुलावर बसलो होतो. शेवंतावहिनींना बाहेर धाकूने सगळं सांगितलं होतं. त्या रडत रडतच बोलायला लागल्या.

"बावटा लावला व्हता म्हणं भावजींनी! समद्या गावानं बघितला. तुमालाच कसा दिसला न्हाई? दुसऱ्याला शिकवत व्हता ना तुमी?"

शिंगट्यांनी मान माझ्याकडे वळवली. डावा कान माझ्याकडे करून त्यांनी विचारलं, "मी बघितला न्हाई व्हय, बाविस्कर?"

ते उत्तराची वाट बघत होते. मला त्यांच्या उजव्या हाताचं बँडेज दिसत होतं. मी म्हणालो, "झोपा आता. बोलू नका."

त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "म्हणजे न्हाई बघितला."

मी रजा घेऊन आठ दिवस त्यांच्याजवळ राहिलो. वहिनी म्हणायच्या, भावाने केलं नसतं एवढं तुम्ही केलंत. दवाखान्यात बातमी आली की मुलीला मुलगा झाला. शिंगट्यांनी ती ऐकली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

त्यानंतर मी दीपगृहावर परतलो. जोडीदाराच्या खोलीत त्यांची शिलाईची पेटी राहिली होती. ती मी गावाला पार्सलने पाठवली. आता तिचा उपयोग काय, हे मला पार्सल टाकून झाल्यावर सुचलं.

वर्षातून एकदोनदा त्यांचं कार्ड यायचं. डाव्या हाताने काढलेली, लहान मुलासारखी वेडीवाकडी अक्षरं. मजकूर थोडा. नातू चालायला लागला. पाऊस नाही. आणि प्रत्येक कार्डात कुठे ना कुठे, 'चूक माझीच झाली, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.' एका कार्डाला शेवंतावहिनींनी कोणाकडून तरी दोन ओळी लिहवून जोडल्या होत्या. 'हे घराबाहेर पडत नाहीत. पोरं पतंग शिकवा म्हणून येतात तर आत जाऊन बसतात. म्हणतात, ज्याला समोरचा बावटा दिसत नाही त्याने काय शिकवायचं. तुम्ही दोन शब्द लिहा. तुमचं ऐकतील.'

मी दोन शब्द लिहिले नाहीत. त्या कार्डाला मी उत्तरच दिलं नाही.

२००३च्या मार्चमध्ये माझी बदली गुजरातच्या किनाऱ्यावर झाली. हजर व्हायला दहा दिवसांची सवड होती. सिंधूला कळवलं होतं की सरळ घरी येतो. पण आधी साताऱ्याची गाडी पकडली.

त्यांचं गाव खटाव तालुक्यात, फाट्यापासून दोन किलोमीटर आत. दुपारचे बारा वाजले होते. घर बैठं, पुढे सारवलेला ओटा. ओट्यावर कोणी नव्हतं. वहिनींनी मला ओळखलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आवो, कोण आलंय बघा तरी! भावजी आल्यात!"

आतल्या खोलीत अंधार होता. शिंगटे खाटेवर बसले होते. केस सगळे पांढरे झालेले. उजवा हात मांडीवर ठेवला होता, बोटं आत वळलेली. त्यांनी डाव्या हाताने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"आलात, बाविस्कर. लई बरं वाटलं. बसा हिकडं, ह्या कानाच्या बाजूला. अगं, भाकरी टाक."

"जेवणाचं राहू द्या," मी म्हणालो. "मला आधी बोलायचं आहे. वहिनी, तुम्हीपण बसा."

वहिनी दाराच्या चौकटीपाशी बसल्या. मी वाटेत सहा तास वाक्यं जुळवत आलो होतो. त्यातलं एकही आठवेना.

"त्या दिवशी ढग मला पावणेतीनला नाही, अडीचला दिसला," मी म्हणालो. "बारीक होता. पावणेतीनला काळा पडला. बावटा माझ्या हातात होता."

"मग लावलात ना तुमी," शिंगटे म्हणाले.

"नाही लावला."

माझं नीट ऐकू आलं नाही असं वाटून त्यांनी कान पुढे केला.

"नाही लावला," मी मोठ्याने म्हणालो. "बावटा लावला असता तर तुम्ही आवरून चारची गाडी धरली असती. सकाळी तसंच ठरलं होतं आपलं. तुम्हाला आठवत नाही. ढग आला तर जायचं, नाही आला तर मुक्काम. मला वाटलं, अजून लांब आहे, डोंगरावरच आहे. मागच्या खेपेसारखा विरून जाईल. आवरून थांब्यावर पोचायला तुम्हाला तासभर लागतो, दहा मिनिटं थांबलो तर तुमची गाडी चुकेल. मग लावू. तुम्ही थांबाल आणखी एक दिवस."

"का?" हे वहिनींनी विचारलं.

"मला एकट्याला राहायचं नव्हतं," मी म्हणालो.

हे वाक्य मी तोवर कोणाजवळ बोललो नव्हतो. सिंधूजवळसुद्धा नाही. ते इतकं लहान असेल असं मला वाटलं नव्हतं.

बाहेर कोंबड्या कलकलत होत्या. वहिनी उठल्या नाहीत. शिंगटे माझ्याकडे नाही, समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"मग?" ते म्हणाले. "मग काय झालं? नीट सांगा. मी काय करत व्हतो?"

"तुम्ही दक्षिणेच्या टोकाकडून परत येत होता. पतंग डोक्यावर होता. तुम्ही एकदम हात झटकलात. एक हात सोडलात, झाडलात, परत धरलात. मग दुसरा. मला वरून कळलं की तुम्हाला झटके बसतायत."

"लागोपाठ?"

"लागोपाठ. तीन-चार तरी."

"आन मी दांडा सोडला न्हाई?" त्यांचा आवाज चढला. "लागोपाठ झटके बसतायत आन मी सोडला न्हाई? मी येडा व्हतो काय?"

"तुम्ही वर बघितलंत," मी म्हणालो.

"कुठं वर?"

"माझ्याकडे. सज्जाकडे. गाडी थांबवून, मान वळवून नीट बघितलंत. मी उभा होतो. हात कठड्याच्या खाली होते, हातात बावटा. तुम्हाला मी दिसत होतो, बावटा दिसत नव्हता. तुम्ही मला हात केलात."

"आन तुमी?"

"मीपण हात केला."

वहिनींनी तोंडावर पदर धरला.

"मग तुम्ही थोडं पुढे गेलात," मी म्हणालो. आता मला थांबता येत नव्हतं. "परत झटका बसला. परत वर बघितलंत. दुसऱ्यांदा. तेव्हा ढग माझ्या डोक्यावर आला होता. तुमच्या बाजूला अजून ऊन होतं. मी बावटा उलगडायला घेतला, दोरी गुंतली, आणि वीज पडली. त्याच्यानंतर मी बावटा लावला. तुम्ही खाली पडला होता, आणि मी आधी बावटा लावला, गाठ मारली, मग पायऱ्या उतरलो. धाकूने बघितला तो हाच बावटा."

माझं बोलणं संपलं. डाव्या हाताने शिंगटे उजव्या हाताची वळलेली बोटं एकेक करून सरळ करत होते. बोटं परत मिटत होती.

"मी वर बघितलं व्हतं," ते हळूच म्हणाले.

"हो."

"दोनदा."

"दोनदा."

"शेवंता, ऐकलंस का?" त्यांचा आवाज एकदम फुटला. "मी बघितलं व्हतं गं! झटका बसल्याबरूबर बघितलं व्हतं. दोनदा बघितलं व्हतं मी!"

ते रडायला लागले. मोठ्या माणसाचं, सैन्यातल्या माणसाचं तसं रडणं मी कधी पाहिलं नव्हतं. वहिनी धावत गेल्या आणि त्यांचं डोकं पोटाशी धरून उभ्या राहिल्या. साडेपाच वर्षं हा माणूस अंधाऱ्या खोलीत बसून स्वतःला मूर्ख म्हणत होता, आणि माझ्याकडे एक वाक्य होतं. पोस्टकार्डावर मावलं असतं.

मी उठलो. त्यांच्या पायांना हात लावायला वाकलो, तर त्यांनी पाय मागे घेतले. रागाने नाही. अनोळखी माणूस पाया पडायला आला तर आपण घेतो तसे.

"तुमी आता या," ते म्हणाले.

मी पिशवी उचलली आणि बाहेर पडलो.

फाट्यापर्यंत पायी आलो. ऊन रणरणत होतं. फाट्यावर एक टपरी होती, तिच्या छपराखाली उभा राहिलो. गाडीला पाऊण तास होता. वीसेक मिनिटांनी पाहिलं तर गावाच्या रस्त्याने शेवंतावहिनी येत होत्या, डोक्यावर पदर घेऊन, भराभर. मला वाटलं काही विसरलं. पिशवी चाचपली. काही विसरलं नव्हतं.

त्या माझ्यापासून चार पावलं लांब थांबल्या. बरीच धाप लागली होती.

"वट्यावर येऊन बसल्यात," त्या म्हणाल्या. "स्वताहून. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून सांगत्यात, माझी चूक नव्हती म्हणून."

मी मान हलवली.

"त्यांनीच धाडलं मला. इचारलंय, जेवला न्हाईत ना?"

"नाही."

"ह्या टपरीवरचा वडा चांगला असतोय. खाऊन जावा म्हणाल्यात. उपाशी जाऊ नका." मग थोडं थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आन म्हणाल्यात, परत येऊ नका. कार्डबी टाकू नका."

"बरं," मी म्हणालो.

त्या आल्या तशा परत गेल्या. वळणावर दिसेनाशा होईपर्यंत मी बघत राहिलो. मग टपरीवाल्याकडून दोन वडे घेतले. भूक नव्हती. पण त्यांनी सांगितलं होतं, म्हणून तिथेच उभं राहून दोन्ही संपवले.